शाकारणी ते ताडपत्री : साकीनाक्याच्या छपरांचा इतिहास

मुंबईचा इतिहास आपण बहुधा इमारतींच्या दर्शनी बाजूने वाचतो. कमानी, नक्षीदार खांब, कोनशिला, घड्याळाचे मनोरे. आजच्या धाग्यात आपण इमारतींच्या माथ्यावर चढणार आहोत, आणि तेही फोर्ट सोडून साकीनाक्यात. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी-कुर्ला रस्त्याने धक्के खात जाणाऱ्या मुंबईकराला हा परिसर प्रथमच वरून पाहण्याची सोय झाली. तोवर साकीनाक्याची छपरे पाहत असत ते कावळे, गळती काढणारे मिस्त्री आणि विमानतळावर उतरू पाहणारे प्रवासी. आज असल्फा स्थानक मागे पडले की खिडकीतून काळवंडलेले सिमेंटचे पत्रे दिसतात, गंजलेले नालीदार पत्रे दिसतात, त्यांवर निळ्या ताडपत्र्या, ताडपत्र्या उडू नयेत म्हणून ठेवलेले जुने टायर आणि विटा, आणि अधूनमधून कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा उताणा अंथरलेला फ्लेक्स. (शुभेच्छुकांची छायाचित्रे आकाशाकडे पाहत असतात. पाणी अडवण्याच्या कामी हा फ्लेक्स खरोखर उपयोगी पडतो, हे मान्य केलेच पाहिजे.)

या छपरांखाली छपाई चालते, लेथ फिरतात, प्लास्टिक वितळते, कपडे शिवले जातात, फरसाण तळले जाते. खैरानी रस्त्याच्या आत माझ्या मामांचाही छपाईचा एक लहान गाळा आहे. कागद भिजला की धंदा बुडाला, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणून या विषयाकडे मी वळले ती कुतूहलापेक्षा सवयीने.

वाचत गेले तसे एक गोष्ट वारंवार समोर आली. मुंबईच्या व्यापारी इमारतींचे छप्पर प्रत्येक काळी मालाच्या रक्षणासाठी पुष्कळ विचाराने बांधले गेले. त्या छपराखालच्या माणसाचा विचार बहुतेक वेळा एखाद्या आगीनंतर झाला.

आरंभ एका जुन्या शब्दापासून करू : शाकारणी. कोकणात पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर नव्याने नीट करणे म्हणजे शाकारणी. गवताचे असेल तर पेंढा बदलायचा, झावळ्यांचे असेल तर झापे विणून नवे चढवायचे, नळीच्या कौलांचे असेल तर कौले उतरवून, झाडून, फुटकी वेगळी काढून पुन्हा रचायची. कुंभाराने घडवलेले नळीचे कौल हलके आणि सुटे असते. वाऱ्याने, माकडाने, मांजरानेही सरकते. त्यामुळे हे छप्पर दरवर्षी माणसाला वर चढायला लावी. वासा किडला आहे का, रीप वाकली आहे का, हे त्याच वेळी कळे. शाकारणीसाठी वेगळी तपासणी लागत नसे. शाकारणी हीच तपासणी होती.

साष्टीच्या गावांतून, म्हणजे आजच्या उपनगरांतून, हीच रीत होती. आजच्या गाळ्यांजवळचे मोहिली हे त्यांपैकीच एक गाव.

मुंबई बेटावर गोष्ट वेगळी होती. तेथे छपराखाली माल होता, आणि घरे एकमेकांना चिकटलेली होती. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी फोर्टातल्या बाजारात आग लागली. वारा होता, लाकूडकाम होते, गल्ल्या अरुंद होत्या. किल्ल्याच्या आतल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. जोनाथन डंकन तेव्हा गव्हर्नर होता. या आगीनंतर किल्ल्याभोवतीचे मोकळे मैदान वाढवण्यात आले आणि तटाबाहेरची वस्ती जोमाने वाढली. दाट वस्तीत एका घराचे छप्पर हे शेजारच्या घराचे सरण होऊ शकते, हे या शहराला त्या वेळी कळले.

कायद्याला ते शब्दांत उतरवायला वेळ लागला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातले ३४९ वे कलम जरूर वाचा. इमारतीच्या बाहेरील भिंती व छपराचे आच्छादन लाकूड, कापड, गवत, पाने, चटया अशा ज्वालाग्राही पदार्थांचे असू नये, असले तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी, असा त्याचा आशय आहे. शाकारणीचे गवत आणि झावळ्यांचे साहित्य या एका कलमाने परवानगीशिवाय शहरापुरते बेकायदा झाले. विशेष म्हणजे हे कलम आजही आहे. ते येथे लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा येणार आहे.

गवताची जागा घ्यायला दोन वस्तू तयार होत्या. पहिली मंगळुरी कौल. बासेल मिशनचा गेऑर्ग प्लेब्स्ट याने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबलेले, एकमेकांत अडकणारे हे कौल गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचले. ते सहजी सरकत नसे. दुसरी वस्तू नालीदार पत्रा. १८२९ मध्ये लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर याने त्याचे पेटंट घेतले, आणि पुढे जस्ताचा मुलामा चढवण्याची युक्ती सापडल्यावर तो जगभरच्या बंदरांत पसरला. सपाट पत्रा वाकतो, नाल्या पाडल्या की तोच पत्रा लांब अंतर पेलतो. एवढेच त्याचे शास्त्र. गोदामासाठी याहून सोयीचे काय असणार?

गिरण्यांनी छपराला बुद्धी दिली, असे मी म्हणेन. लालबाग-परळकडच्या विणकाम विभागांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे तुम्ही पाहिली असतील. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि तोंड उत्तरेकडे. आपण उत्तर गोलार्धात असल्याने उत्तरेचा प्रकाश थेट उन्हाशिवाय, सम पडतो. धागा तुटला की दिसतो. मात्र दोन दात्यांमध्ये पन्हळ येते, आणि मुंबईच्या पावसात ही पन्हळ म्हणजे त्या छपराचे मर्म. एक पिंपळाचे पान तोंडाशी अडकले की सारे पाणी आत. म्हणून गिरणीत छपरावर फिरणारा, पन्हळी साफ करणारा माणूस असे. छप्पर हा पगारी कामाचा विषय होता, कारण खाली यंत्रे होती आणि सूत होते. शाकारणीची रीत गिरणीच्या आत नोकरी होऊन टिकली.

छपराला धोका आतून असतो तसा वरूनही, हे १४ एप्रिल १९४४ रोजी दिसले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापूस आणि दारूगोळा एकत्र होता. स्फोटांनंतर जळता कापूस आणि तापलेले लोखंड दूरवरच्या गोदामांच्या छपरांवर कोसळले, आणि आग जहाज सोडून शहरात पसरली. अग्निशमन दलाचे ६६ जवान या कामी मरण पावले. पत्रा स्वतः जळत नाही, पण तो फाटतो, आणि फाटलेल्या पत्र्यातून पडलेला निखारा खालच्या गाठोड्यांना पुरतो.

आता पुन्हा उपनगरात येऊ, कारण साकीनाक्याच्या छपरांवर सर्वाधिक दिसणारी वस्तू उपनगरातच घडत होती. १९०१ च्या सुमारास ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक याने सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांचा पातळ, टिकाऊ पत्रा तयार केला. तो जळत नाही, गंजत नाही, कुजत नाही. पावसाळी प्रदेशातल्या कारखानदाराला दुसरे काय हवे? १९३४ मध्ये भारतात ‘अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. टर्नर अँड न्यूअल या ब्रिटिश समूहाशी ती निगडित होती, आणि पुढे ती एव्हरेस्ट नावाने ओळखली गेली. तिचा एक कारखाना मुलुंडला होता. ‘एव्हरेस्टचा पत्रा’ हा शब्दप्रयोग मिस्त्रींच्या तोंडी आजही कंपनीचा विचार न करता येतो.

येथे एक तारीख जवळ ठेवून पाहावी. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे ध्यानात आल्यावर ब्रिटनने आपल्या कारखान्यांसाठी १९३१ मध्ये नियम केले. त्यानंतर तीनच वर्षांनी तो उद्योग येथे आला. नियम त्याच्याबरोबर आले नाहीत. भारतात कामगारांच्या बाजूने स्पष्ट शब्द उमटायला जानेवारी १९९५ उजाडले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला आणि कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ब्रिटनने १९९९ मध्ये या वस्तूवर बंदी घातली. आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही. आगीपासून वाचवणारे छप्पर बनवताना माणूस दगावत होता, आणि छप्पर मात्र निर्दोष ठरत होते.

साकीनाका या कथेत नेमका केव्हा आला? १९५० मध्ये अंधेरी आणि कुर्ल्याकडचा भाग मुंबई महापालिकेत सामील झाला. म्हणजे ते ३४९ वे कलम येथे लागू झाले. पलीकडे पवईला मोठी अभियांत्रिकी उभी राहत होती, कुर्ल्यात मोटारी बनत होत्या, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत मरोळला आली. मोठ्या कारखान्याला लहान कारखाने लागतात : एखादा स्क्रू, एखादा साचा, एखादा छापील खोका. ही कामे अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना, खाणी आणि टेकड्यांच्या पायथ्याशी, गाळ्यांमध्ये होऊ लागली.

गाळा हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पारखावा असा आहे. दोन खांबांमधली जागा म्हणजे गाळा. व्यवहारात गाळ्याला जमीन असते, तीन भिंती असतात, पुढे शटर असते. छप्पर? ते सलग, बारा किंवा वीस गाळ्यांवरून गेलेले. मालक एक, भाडेकरू दुसरा, त्याने पोटभाड्याने दिलेला तिसरा. गिरणीत पन्हळ साफ करणारा माणूस एका मालकाचा नोकर होता. येथे पन्हळ सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. मामांच्या रांगेत पाणी ज्याच्या गाळ्यात पडते तो ताडपत्री आणतो. मग पाणी पुढच्या गाळ्यात पडते.

पाणी तरी किती? मुंबईच्या उपनगरांत एका हंगामात २,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलीमीटर नोंदवला. कुलाब्याला तेव्हा ७३ होता. त्या दिवशी साकीनाक्याजवळ टेकडीचा भाग घरांवर कोसळून सत्तरच्या आसपास माणसे गेली. छपराच्या इतिहासात ही घटना कुठे बसते, असे कुणी विचारील. येथील कित्येक छपरे उताराच्या पायथ्याशी आहेत. त्यांच्यावर पाऊस पडतो, त्याचप्रमाणे माती आणि दगडही येतात, आणि पत्र्याचा कुठलाही नट त्याला उत्तर देऊ शकत नाही.

वाऱ्याचे मात्र उत्तर आहे, आणि ते स्वस्त आहे. वारा पत्रा ढकलत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा वरचा दाब कमी करते, आणि शटर उघडे असेल तर आत शिरलेली हवा खालून रेटते. म्हणून सर्वांत आधी कडेचा आणि कोपऱ्यातला पत्रा जातो. भारतीय मानकाने मुंबईसाठी गृहीत धरलेला मूळ वारा सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यापासून दूर समुद्रातून जात असताना कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि तेवढ्यानेही उपनगरांत पत्रे उडाले. कारण बहुधा साधे असते : हुक बोल्टवरचा डांबरी वॉशर उन्हाने तडकलेला, छिद्र रुंदावलेले, कडेचे बोल्ट कमी. कडेला बोल्ट दाट लावावेत, वॉशर बदलावेत, वादळाचा इशारा असेल तेव्हा शटर बंद ठेवावे. टायर ठेवून ताडपत्री थांबते, पत्रा थांबत नाही. उलट उडालेला टायर हे स्वतंत्र संकट होते.

आणि चढणाऱ्याने जपून चढावे. जुना सिमेंटचा पत्रा दिसतो दगडासारखा, तुटतो पापडासारखा. मामा सांगतात, पाय ठेवायचा तो बोल्टच्या ओळीवर, कारण खाली आडवा अँगल तिथेच असतो. वर फळी टाकावी हे अधिक बरे. प्रकाशासाठी मध्येमध्ये लावलेला अर्धपारदर्शक पत्रा धुळीने माखला की इतरांसारखाच दिसतो; त्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली.

आता डिसेंबर २०१७. या महिन्याने मुंबईच्या छपरांची दोन टोके अकरा दिवसांच्या अंतराने दाखवली.

१८ डिसेंबरच्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास खैरानी रस्त्यावरील एका फरसाणाच्या गाळ्यात आग लागली. आत कामगार झोपले होते. पोटमाळा कोसळला. १२ जण गेले.

पोटमाळा हे गाळ्याचे खरे रहस्य आहे. छप्पर उंच असते ते हवेसाठी आणि धुरासाठी. त्या उंचीत लाकडी किंवा लोखंडी माळा टाकला की माल ठेवायला जागा होते, आणि रात्री झोपायलाही. म्हणजे धूर जिथे सर्वप्रथम साठतो नेमक्या त्या थरात माणसाचे डोके येते. खाली उतरायला एक शिडी, आणि ती बहुधा तळणीच्या किंवा यंत्राच्या बाजूला. शटर आतून कुलूपबंद, कारण माल चोरीला जाऊ नये. दिवसा मालावर छप्पर असते. रात्री माणूसही मालाबरोबर रचून ठेवलेला असतो. हे लिहिताना मला मामांच्या गाळ्यातली सहा फुटांची शिडी दिसते.

२९ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. कमला मिल एके काळची कापडगिरणी. गिरणीच्या जमिनीवर आता कार्यालये आणि पब होते, आणि गच्चीवर पावसाळी आडोशासाठी बांबू, ताडपत्री असे आच्छादन होते. आग त्यातून पसरली. कापड, लाकूड, चटया. १८८८ च्या कायद्याने ज्या पदार्थांची नावे घेऊन मनाई केली होती ते १२९ वर्षांनी शहराच्या सर्वांत महागड्या गच्च्यांपैकी एकीवर होते. गच्चीवरील उपाहारगृहांचे धोरण पालिकेने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केले होते.

दोन्ही आगींची आठवण मात्र सारखी राहिली नाही. कमला मिलचे नाव वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. खैरानी रस्त्याचे किती जणांना होते? मेलेल्यांची संख्या जवळपास तेवढीच होती. इतिहासात कुठली आग ‘घटना’ होते आणि कुठली केवळ बातमी, याचा निकाल पुष्कळदा छपराखाली कोण होते यावर लागतो.

ताडपत्री या शब्दाकडे जरा पाहू. इंग्रजी टारपॉलिनमध्ये डांबर आहे. आपण तो शब्द घेताना त्यात ताडाचे पान ऐकले. पूर्वी छपरावर खरोखर झावळ्या आणि पाने होती, म्हणून कान तिकडेच गेला असावा. वस्तू पेट्रोलियमची, नाव झाडाचे. आणि ती जळते मात्र पानापेक्षा वाईट, कारण वितळून खाली ठिबकते.

कायदा काय म्हणतो हेही सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते, आणि ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. ‘किंवा’ हा त्यातला लहानसा शब्द. गाळ्यांच्या रांगेत तो शब्द पन्हळीतल्या पिंपळपानासारखा अडकून बसतो : मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे.

मामांच्या रांगेतल्या चौदा गाळेवाल्यांनी गेल्या वर्षी मे महिन्यात वर्गणी काढली. वर्गणीवरून तीन सभा झाल्या. ज्यांचा गाळा गळत नाही त्यांनी पैसे का द्यावेत, यावर दोन सभा गेल्या. अखेर एका मिस्त्रीने पूर्ण रांगेचे बोल्ट तपासले, कडेचे दुप्पट केले, पन्हळीतून दोन गोणी गाळ काढला. त्या गाळात एक क्रिकेटचा चेंडू, पतंगाची चक्री आणि मेलेली घूस निघाली. ताडपत्र्या सगळ्या उतरल्या नाहीत; चार राहिल्या.

तेव्हा मी मामांना शाकारणीचा शब्द सांगितला. त्यांना तो माहीत होता. त्यांच्या आजोबांच्या घरी चिपळूणजवळ तो दिवस ठरलेला असे आणि त्या दिवशी घरात स्वयंपाक बाहेर अंगणात होई, कारण कौले उतरलेली असत. “एक दिवस घर उघडं ठेवायला लागतं,” ते म्हणाले. “इथं एक दिवस बंद ठेवलं तर भाडं कोण भरणार?”

पोटमाळ्यावर झोपणाऱ्या तिघांची अंथरुणे आता खाली, शटरजवळ आली आहेत, आणि शटरची किल्ली आत खिळ्याला टांगलेली असते. माळ्यावर कागदाची रिमे आहेत. मागच्या भिंतीत दुसरे दार पाडायचे आहे. पलीकडच्या गाळ्याचा मालक अजून तयार झालेला नाही.